क्रॉनची कामं ठरलेल्या क्रमानं कशी चालवायची

एका छोट्या कार्यालयाचा सर्व्हर काही वर्षं माझ्याकडे होता. त्यावर क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा प्रोग्राम, रोज पहाटे तीन स्क्रिप्ट चालवायचा. 'डीबीडम्प' डेटाबेसची प्रत काढायची, 'बॅकअप' सगळ्या महत्त्वाच्या फाइलींचं गाठोडं बांधून दुसऱ्या यंत्रावर पाठवायची आणि 'क्लीनअप' जुन्या प्रती काढून टाकायची. तिन्ही न चुकता चालत होत्या, लॉगमध्ये एकही एरर नव्हती. मग एके दिवशी दुपारी हिशेबाचं एक टेबल चुकून पुसलं गेलं. त्याच दिवशी पहाटेचं गाठोडं उघडलं, तर आतली डेटाबेसची प्रत आदल्या पहाटेची निघाली. एका अख्ख्या दिवसाच्या नोंदी पावत्या समोर घेऊन पुन्हा भराव्या लागल्या.

कारण सापडलं तेव्हा ते अगदी साधं होतं. स्क्रिप्ट नावांच्या वर्णक्रमानं चालत होत्या. रोमन वर्णमालेत बी आधी येतो, मग सी, मग डी. म्हणून आधी बॅकअप, मग क्लीनअप आणि सगळ्यात शेवटी डीबीडम्प. गाठोडं बांधून रवाना झाल्यावर ताजी प्रत तयार व्हायची. आधी कळस, मग पाया. प्रत्येक स्क्रिप्ट स्वतःपुरती बरोबर होती, फक्त त्यांचा आपसातला क्रम कुणीच ठरवला नव्हता. तो वर्णमालेनं ठरवला.

लिनक्स किंवा बीएसडीचा सर्व्हर पहिल्यांदाच सांभाळायला घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. आज्ञा, फाइलींची नावं आणि अंक इथे देवनागरीत दिले आहेत. यंत्रावर ते अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे.

पायरी १: कामं नेमकं कोण चालवतंय ते बघा

क्रॉन दर मिनिटाला जागा होतो, आपल्या याद्या बघतो आणि त्या मिनिटाची जी कामं असतील ती सुरू करून देतो. एकाच मिनिटावर दोन ओळी असतील तर दोन्ही जवळपास एकदम सुरू होतात, एक संपेपर्यंत दुसरी थांबत नाही. यादीत वर लिहिलेलं काम आधी संपेल, असं क्रॉननं कधीच कबूल केलेलं नाही. नवख्या माणसाचा पहिला गैरसमज बहुधा इथेच होतो.

डेबियन किंवा उबुंटूवर '/ईटीसी/क्रॉनटॅब' ही फाइल उघडा. मूळच्या फाइलीत चार कामं दिसतील. दर तासाला १७ व्या मिनिटाला तासाची, रोज ६:२५ ला दिवसाची, रविवारी ६:४७ ला आठवड्याची आणि महिन्याच्या १ तारखेला ६:५२ ला महिन्याची. यातलं प्रत्येक काम 'रन-पार्ट्स' नावाच्या छोट्या प्रोग्रामला बोलावतं आणि त्याच्या हाती एक डिरेक्टरी देतं. दिवसाची डिरेक्टरी म्हणजे '/ईटीसी/क्रॉन.डेली'. तिच्यातल्या स्क्रिप्ट एकामागून एक चालवणं हे रन-पार्ट्सचं काम.

शाळेत बाई हजेरी घेतात तसं हे चालतं. पटावरच्या क्रमानं एकेकाचं नाव पुकारलं जातं. फरक एवढाच, की इथे पहिल्याचं काम पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याचं नाव पुकारलं जात नाही. म्हणजे एकाच डिरेक्टरीतल्या स्क्रिप्ट कधीही एकमेकींवर चढत नाहीत. आपल्या हाती आलेली ही मोठी सोय आहे, आणि पुढचं बरंचसं तिच्यावरच उभं आहे.

घड्याळाकडेही इथेच एकदा बघून घ्या. भाड्यानं घेतलेले क्लाउड सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, लावलेले असतात. त्यांचे सकाळचे ६:२५ म्हणजे आपल्याकडचे ११:५५. पहाटे उरकेल असं समजून ठेवलेलं जड काम ऐन कामाच्या वेळी डेटाबेसवर बसलेलं मी स्वतः पाहिलं आहे. 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा दिली की यंत्र कुठल्या वेळेवर चालतंय ते कळतं.

पायरी २: आजचा क्रम कागदावर उतरवा

काहीही बदलण्याआधी ही आज्ञा द्या:

रन-पार्ट्स --टेस्ट /ईटीसी/क्रॉन.डेली

हिनं काहीच चालत नाही. काय चालणार आहे आणि कुठल्या क्रमानं, एवढंच छापून येतं. फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' या आज्ञेवर मात्र विसंबू नका. एलएस तुमच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे क्रम लावतो आणि बऱ्याच सेटिंगांत लहान-मोठी लिपी, आडव्या रेघा यांच्याकडे काणाडोळा करतो. रन-पार्ट्स 'सी' लोकेलचा क्रम पाळतो, म्हणजे अक्षरांच्या अंतर्गत क्रमांकांप्रमाणे. त्यात आधी अंक येतात, मग मोठ्या लिपीतली अक्षरं, मग अंडरस्कोर आणि शेवटी लहान लिपीतली अक्षरं. जोडरेघ म्हणजे हायफन अंकांच्याही आधी.

छापून आलेल्या यादीत तुमची एखादी स्क्रिप्ट दिसतच नसेल, तर घाबरू नका, पण तिथेच थांबा. बहुधा कारण तिच्या नावातला टिंब असतो. डेबियनचा रन-पार्ट्स फक्त रोमन अक्षरं, अंक, अंडरस्कोर आणि हायफन एवढ्यांनीच बनलेली नावं मान्य करतो. 'बॅकअप.एसएच' या नावात टिंब आला, म्हणून ती फाइल तो गुपचूप सोडून देतो. ना इशारा, ना मेल, ना लॉगमध्ये नोंद. शेपूट काढा, नाव नुसतं 'बॅकअप' ठेवा, की ती यादीत येते. या एका टिंबापायी किती बॅकअप कधी निघालेच नसतील, या विचारानं मला खरंच वाईट वाटतं.

उरलेली दोन कारणं झटपट तपासता येतात. फाइलीला चालवण्याची परवानगी नसेल तर ती यादीत येत नाही, त्यावर 'सीएचमॉड ७५५' हा उपाय. आणि पहिल्या ओळीत स्क्रिप्ट कुठल्या शेलनं चालवायची ते लिहिलेलं नसेल, तर फाइल यादीत दिसते पण प्रत्यक्ष चालवताना 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते.

रेड हॅट, फेडोरा आणि त्यांच्या कुळातल्या प्रणालींवर रन-पार्ट्स हा वेगळा आहे. ती एक छोटी शेल स्क्रिप्ट आहे, वेळ काढून एकदा वाचण्यासारखी. तिथे नावात टिंब चालतो, पण लाटेच्या चिन्हानं (~) किंवा स्वल्पविरामानं संपणारी नावं आणि '.आरपीएमसेव्ह', '.आरपीएमन्यू', '.एसडब्ल्यूपी' अशी शेपटं असलेल्या फाइली ती वगळते. म्हणून तिकडे चालणारी स्क्रिप्ट डेबियनवर नेली की मुकी होऊ शकते. मी दोन्हीकडे बिनटिंबाचीच नावं ठेवतो.

पायरी ३: नावापुढे आकडे लावा

नावानं क्रम ठरतो, तर नावच आपल्याला हवं तसं देऊ या. माझ्या त्या तीन स्क्रिप्टांची नवी नावं अशी झाली:

२०-डीबीडम्प
४०-बॅकअप
६०-क्लीनअप

आकडे नेहमी सारख्या लांबीचे ठेवा. इथे तुलना संख्यांची होत नाही, अक्षरांची होते. '१०' आणि '९' यांच्यात आधी पहिलं अक्षर बघितलं जातं, आणि १ हा ९ च्या आधी येतो. म्हणून ९-, १०- अशी नावं दिलीत तर दहावी स्क्रिप्ट नवव्याच्या आधी चालेल. ०९- आणि १०- लिहिलंत की प्रश्न मिटला.

दोन आकड्यांमध्ये जागा सोडा. उद्या प्रत काढल्यावर ती तपासणारी नवी स्क्रिप्ट हवी झाली, तर ती ३०- म्हणून मध्ये बसेल आणि बाकीच्यांना धक्का लागणार नाही. ही पद्धत शिकायची तर फ्रीबीएसडीकडून शिकावी. तिथे '/ईटीसी/पिरिऑडिक/डेली' या डिरेक्टरीत १००.क्लीन-डिस्क्स, ११०.क्लीन-टेम्प्स, २००.बॅकअप-पासवर्ड, ४००.स्टेटस-डिस्क्स, ४५०.स्टेटस-सिक्युरिटी अशी नावं असतात आणि शेवटी ९९९.लोकल. शंभराच्या घरात साफसफाई, दोनशेच्या घरात प्रती, चारशेच्या घरात यंत्राच्या तब्येतीची चौकशी. नुसती नावं वाचली तरी रात्रभरात काय काय घडतं ते डोळ्यांसमोर येतं. (नावातला टिंब तिथे चालतो, कारण तिथे रन-पार्ट्स नसून 'पिरिऑडिक' नावाची वेगळी आज्ञा आहे. क्रॉन तिला रोज ३:०१ ला उठवतो.)

फ्रीबीएसडीवर एक गोष्ट मात्र चकवते. आपल्या स्क्रिप्ट '/यूएसआर/लोकल/ईटीसी/पिरिऑडिक/डेली' इथे ठेवायच्या असतात, आणि पिरिऑडिक आधी मूळची डिरेक्टरी पूर्ण संपवूनच इकडे येतो. म्हणजे तुम्ही तुमच्या स्क्रिप्टला ०५० दिलंत, तरी ती मूळच्या ९९९ च्या नंतरच चालणार. आकड्यांचा क्रम एका डिरेक्टरीपुरताच असतो.

डेबियनवर परत येऊ. ॲनाक्रॉन (यंत्र बंद असताना राहून गेलेली कामं नंतर उरकून घेणारा प्रोग्राम) बसवलेला असेल तर क्रॉन.डेलीमध्ये '०ॲनाक्रॉन' नावाची फाइल दिसेल. तिच्या आतल्या टिपेतच लिहिलं आहे, की बाकी सगळ्यांच्या आधी चालावं म्हणून तिला हे नाव दिलं आहे. आजचं काम सुरू झाल्याची तारीख ती नोंदवते. आता तुम्ही तुमच्या स्क्रिप्टला '०५-डीबीडम्प' नाव दिलंत तर काय होईल? दोन्ही नावांचं पहिलं अक्षर शून्य. दुसरं अक्षर इकडे ५, तिकडे ए. अंक अक्षरांच्या आधी येतो, म्हणून तुमची स्क्रिप्ट ०ॲनाक्रॉनच्याही पुढे घुसते. एरवी काही बिघडत नाही. पण ती अडकून पडली आणि तेवढ्यात यंत्र बंद झालं, तर तारखेची नोंद व्हायची राहूनच गेलेली असते. म्हणून सुरुवात १० पासून करा.

पॅकेजांबरोबर आलेल्या 'लॉगरोटेट', 'मॅन-डीबी' अशा फाइलींची नावं बदलू नका. त्या पॅकेजची मालमत्ता आहेत. नाव बदललेल्या फाइलीला पुढची सुधारणा मिळत नाही, आणि आरपीएमच्या, म्हणजे रेड हॅटच्या कुळातल्या, प्रणालींवर तर पुढच्या अपग्रेडला मूळ नावाची फाइल पुन्हा येऊन बसते आणि तेच काम दोनदा होऊ लागतं. त्या सगळ्या नावांची सुरुवात लहान लिपीतल्या अक्षरांनी असल्यामुळे आकड्यानं सुरू होणारी तुमची स्क्रिप्ट आपोआप त्यांच्या आधी येते. त्यांच्या नंतर हवी असेल तर नावापुढे 'झेडझेड-' लावा.

पायरी ४: नाव क्रम लावतं, अट घालत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. वरच्या तीन स्क्रिप्टांत २०-डीबीडम्प अपयशी ठरली, समजा डिस्क भरली, तर रन-पार्ट्स काय करतो? तो पुढच्या स्क्रिप्टकडे जातो. ४०-बॅकअप अर्धवट प्रतीचं गाठोडं बांधते. ६०-क्लीनअप निमूटपणे जुन्या, चांगल्या प्रती पुसते. क्रम अगदी बरोबर आणि परिणाम भयंकर.

'नंतर' आणि 'जमलं तरच' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावातल्या आकड्यानं फक्त पहिली मिळते.

दुसरी हवी असेल तर डेबियनच्या रन-पार्ट्सला '--एक्झिट-ऑन-एरर' हा पर्याय देता येतो. एखादी स्क्रिप्ट शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा, शून्य म्हणजे यश) घेऊन संपली, की तो तिथेच थांबतो. पण हा पर्याय '/ईटीसी/क्रॉनटॅब'मधल्या मूळ ओळीत घालू नका. तिथे घातलात तर कुठल्यातरी पॅकेजच्या किरकोळ अपयशामुळे त्याच्या मागची सगळी कामं अडतील. त्यापेक्षा एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांसाठी स्वतःची डिरेक्टरी करा, समजा '/यूएसआर/लोकल/लिब/रात्रपाळी'. तिन्ही स्क्रिप्ट तिथे हलवा आणि '/ईटीसी/क्रॉन.डी'मध्ये 'रात्रपाळी' नावाची फाइल करून तिच्यात एक ओळ लिहा:

३० २ * * * रूट रन-पार्ट्स --रिपोर्ट --एक्झिट-ऑन-एरर /यूएसआर/लोकल/लिब/रात्रपाळी

या ओळीत वेळेच्या पाच खुणांनंतर वापरकर्त्याचं नाव लागतं, ते विसरलं तर काम चालत नाही. ओळीच्या शेवटी एंटर मारलेला हवा. आणि डेबियनवर क्रॉन.डीमधल्या फाइलीच्या नावातही टिंब नको. '--रिपोर्ट'मुळे एखाद्या स्क्रिप्टनं काही छापलं तर त्याच्या वर तिचं नाव येतं, त्यामुळे क्रॉनच्या मेलमध्ये कोण बोललं ते लगेच कळतं.

कामं दोन-तीनच असतील तर मला याहूनही सोपा मार्ग आवडतो. तिन्ही आज्ञा एकाच स्क्रिप्टमध्ये लिहायच्या, त्यांच्यामध्ये दोन अँपरसँड टाकायचे. 'डम्प && गाठोडं && सफाई' याचा अर्थ, पहिलं जमलं तरच दुसरं आणि दुसरं जमलं तरच तिसरं. अर्धविराम टाकलात तर नुसता क्रम राहतो, अट निघून जाते. वाचणाऱ्याला सगळी साखळी एका नजरेत दिसते, तीन फाइली उघडाव्या लागत नाहीत.

पायरी ५: यश खरोखर यश आहे का ते बघा

अट घातली, पण स्क्रिप्टनं खोटंच 'झालं' म्हणून सांगितलं तर? हे वाटतं त्याहून खूप वेळा घडतं, आणि जवळपास नेहमी एकाच जागी. डेटाबेसची प्रत काढून ती थेट दाबायला आपण पाइप वापरतो. 'मायएसक्यूएलडम्प'चं आउटपुट 'जीझिप'मध्ये आणि जीझिपचं फाइलीत. शेलच्या मते या अख्ख्या साखळीचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या आज्ञेचा, म्हणजे जीझिपचा. पासवर्ड चुकल्यामुळे डम्पनं एक अक्षरही दिलं नाही, तरी जीझिप त्या रिकामपणाची नीट घडी घालतो आणि शून्य परत करतो. वीस-बावीस बाइटची फाइल तयार होते, साखळी पुढे सरकते, सफाई चालते.

उपाय एका ओळीचा आहे. स्क्रिप्टची पहिली ओळ बॅशची ठेवा आणि दुसऱ्या ओळीत 'सेट -ई -ओ पाइपफेल' लिहा. आता पाइपमधली कुठलीही आज्ञा चुकली तर अख्खी साखळी चुकली असं धरलं जातं आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते.

त्याला आणखी एक सवय जोडा. प्रत थेट अंतिम नावानं लिहू नका. आधी 'हिशेब.अर्धवट' अशा नावानं लिहा आणि पूर्ण झाल्यावर 'एमव्ही'नं 'हिशेब' करा. एकाच फाइलप्रणालीत नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे 'हिशेब' नावाची फाइल दिसली म्हणजे ती पूर्णच असते. गाठोडं बांधणाऱ्या स्क्रिप्टनं अर्धवट नावाकडे बघायचंच नाही. आणि सफाईच्या स्क्रिप्टला माझा एक हट्ट असतो, की आजची ताजी प्रत जागेवर आहे आणि तिचा आकार रिकाम्या फाइलीपेक्षा खूप मोठा आहे, हे स्वतः बघितल्याशिवाय तिनं एकही जुनी प्रत पुसू नये. पुसणारं काम साखळीत शेवटी असावंच, शिवाय सगळ्यात संशयीही असावं.

पायरी ६: घड्याळाच्या भरवशावर राहू नका

खूप जण क्रम असा लावतात. डम्प २:०० ला, तो दहा मिनिटांत संपतो, म्हणून गाठोडं २:३० ला, सफाई ३:०० ला. वर्षभर चालतं. मग डेटाबेस वाढतो, डम्पला पस्तीस मिनिटं लागू लागतात आणि कुठलीही एरर न येता गाठोड्यात अर्धी प्रत जायला लागते. मधलं अंतर म्हणजे क्रम नव्हे, तो केवळ अंदाज आहे.

मूळ क्रॉनटॅबमध्येही असाच एक अंदाज दडलेला आहे. रविवारी दिवसाची कामं ६:२५ ला आणि आठवड्याची ६:४७ ला, मध्ये २२ मिनिटं. दिवसाचं काम त्याहून लांबलं तर दोन्ही एकाच वेळी डिस्क ओढत बसतात. आठवड्याचं काम रोजच्या कामानंतरच व्हायला हवं असेल, तर ते वेगळ्या ओळीत न ठेवता रोजच्या साखळीच्या शेवटी ठेवा आणि स्क्रिप्टमध्येच आज कोणता वार आहे ते तपासा. 'डेट'ला टक्क्याचं चिन्ह आणि यू दिलं की सोमवारसाठी १ ते रविवारसाठी ७ मिळतो. हे स्क्रिप्टमध्येच करा. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ 'नवी ओळ' असा होतो आणि आज्ञा मध्येच तुटते.

ॲनाक्रॉन असेल तर वेळ आणखी सैल होते. रेड हॅटच्या कुळात '/ईटीसी/ॲनाक्रॉनटॅब'मध्ये सुरुवातीचे तास ३ ते २२ असे दिलेले असतात, रोजच्या कामाला ५ मिनिटांचा उशीर आणि त्यावर ४५ मिनिटांपर्यंत कितीही यादृच्छिक उशीर. ॲनाक्रॉन ३:०१ ला उठला, तर रोजची कामं ३:०६ ते ३:५१ यांच्यामध्ये केव्हाही सुरू होतील. अशा यंत्रावर 'साडेतीनपर्यंत झालेलंच असेल' असं म्हणता येत नाही. जमेची बाजू अशी, की ॲनाक्रॉनला '-एस' पर्याय दिलेला असला की एक काम संपल्याशिवाय तो दुसरं सुरू करत नाही. रेड हॅटमध्ये तो तसाच बोलावला जातो, म्हणून आठवड्याची कामं दिवसाच्या कामांवर चढत नाहीत.

कालचं काम आजही चालूच आहे अशी वेळ येऊ शकते. त्यासाठी 'फ्लॉक' वापरा. क्रॉनच्या ओळीत आज्ञेच्या आधी 'फ्लॉक -एन /रन/लॉक/रात्रपाळी.लॉक' लिहिलंत, की आधीची फेरी चालू असताना दुसरी मुकाट्यानं माघारी फिरते. मात्र फ्लॉकनं क्रम लावायला जाऊ नका. दोन कामं एका वेळी चालणार नाहीत एवढंच कुलूप सांगतं. आधी कोण, हे ज्याच्या हाती कुलूप आधी लागलं त्यावर ठरतं.

पायरी ७: सिस्टमडीचे टायमर असतील तर

क्रॉन.डेलीमधली लॉगरोटेटची फाइल अलीकडच्या डेबियनवर उघडून बघा. सुरुवातीलाच एक तपासणी आहे: सिस्टमडी (यंत्रावरच्या सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था, तिच्याकडे स्वतःचे टायमरही असतात) चालू असेल तर काहीही न करता बाहेर पड. कारण ते काम आता 'लॉगरोटेट.टायमर' करतो. मॅन-डीबीचंही तसंच. म्हणजे क्रॉन.डेलीतल्या नावांची कितीही उलथापालथ केलीत, तरी लॉग फिरवण्याची वेळ तसूभरही हलणार नाही. तुमची स्क्रिप्ट लॉगरोटेटच्या आधी चालायला हवी असेल तर आधी 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टाइमर्स' ही आज्ञा द्या आणि कुठलं काम खरोखर कोणाकडे आहे ते बघा.

स्वतःची साखळी सिस्टमडीत लावायची तर सर्वात सोपा मार्ग म्हणजे एकच सर्व्हिस, 'टाइप=वनशॉट', आणि तिच्यात एकाखाली एक तीन 'एक्झेकस्टार्ट=' ओळी. त्या लिहिलेल्या क्रमानं चालतात, एक चुकली की पुढच्या चालत नाहीत, आणि टायमर एकच लागतो. नवख्या माणसानं इथेच थांबावं असं माझं मत आहे.

वेगवेगळ्या सर्व्हिस हव्याच असतील, तर बॅकअपच्या फाइलीत 'रिक्वायर्स=डीबीडम्प.सर्व्हिस' आणि 'आफ्टर=डीबीडम्प.सर्व्हिस' या दोन्ही ओळी लिहा. नुसतं आफ्टर लिहून डम्प सुरू होत नाही. नुसतं रिक्वायर्स लिहून डम्प संपायची वाट बघितली जात नाही, दोन्ही एकदम निघतात. टायमर फक्त बॅकअपला द्या, डम्पला तो स्वतःच बोलावेल. डम्पची सर्व्हिस वनशॉटच हवी, कारण तेव्हाच 'सुरू झाली' याचा अर्थ 'संपली' असा धरला जातो. आणि तिला 'रिमेनआफ्टरएक्झिट' देऊ नका. दिलंत तर पहिल्या रात्रीनंतर सिस्टमडीच्या लेखी ती चालूच राहते, दुसऱ्या रात्री तिला पुन्हा चालवायचं कारण उरत नाही आणि बॅकअप रोज तीच जुनी प्रत उचलतो. माझ्या त्या हिशेबाच्या टेबलाची गोष्ट, नव्या वेशात.

पायरी ८: रात्रीचा क्रम सकाळी वाचा

प्रत्येक स्क्रिप्टमध्ये मूळ काम सुरू होण्याच्या आधी आणि अगदी शेवटी 'लॉगर' ही लॉगमध्ये ओळ लिहिणारी आज्ञा घाला, 'डीबीडम्प सुरू', 'डीबीडम्प संपलं' अशी. सकाळी 'जर्नलसीटीएल'मध्ये त्या ओळी वेळेसह मिळतात. बघायचं एवढंच, की डम्प 'संपलं' ही ओळ गाठोडं 'सुरू' या ओळीच्या वर आहे ना. सुरुवातीचे आठ दिवस रोज बघा. दोन ओळींमधली वेळ दर महिन्याला वाढत असेल तर तेही इथेच लक्षात येतं.

हात बसवायचा असेल तर सरावासाठी एक रिकामी डिरेक्टरी करा. तिच्यात चार फाइली ठेवा, प्रत्येकीत शेल सांगणारी पहिली ओळ आणि तिच्याखाली स्वतःचं नाव छापणारी एक ओळ: '१०-अ', '९-ब', 'झेड-क' आणि 'ड.एसएच'. इथली देवनागरी अक्षरं अर्थात रोमनमध्ये लिहायची, झेड लहान लिपीत, आणि चौघींनाही चालवण्याची परवानगी द्यायची. मग रन-पार्ट्स --टेस्ट चालवण्याआधी उत्तर कागदावर लिहा. डेबियनवर आधी १०, मग ९, मग झेड येईल आणि टिंबवाली चौथी दिसणारच नाही. आता पहिल्या फाइलीच्या शेवटी 'एक्झिट १' लिहा आणि डिरेक्टरी दोनदा चालवा, एकदा --एक्झिट-ऑन-एरर न देता आणि एकदा देऊन. पहिल्यांदा तीन नावं छापली जातील, दुसऱ्यांदा एकच.

आणि महिन्यातून एकदा गाठोडं प्रत्यक्ष उघडा. आतली डेटाबेसची प्रत दुसऱ्या एखाद्या यंत्रावर भरा आणि सगळ्यात शेवटच्या नोंदीची तारीख-वेळ वाचा. ती त्याच रात्री डम्प सुरू होण्याच्या जरा आधीची असायला हवी. आदल्या रात्रीची निघाली, तर पायरी २ वरची आज्ञा पुन्हा द्या आणि नावं वरून खाली वाचायला लागा.